वरच्या खोलीची भिंत

माझ्या भावाच्या एकट्याच्या चित्रांचं प्रदर्शन अंकोनाला भरलं तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता. तोवर त्याची चित्रं दुसऱ्यांच्या चित्रांत कुठेतरी कोपऱ्यात लागायची. एखादं दाताच्या डॉक्टरकडे, एखादं बँकेच्या जिन्यात. पोटासाठी त्याने आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. त्याचं नाव एर्मेते. आमच्या पिएत्राफोस्का गावात त्याला सगळे प्रोफेसर म्हणायचे आणि त्यात कौतुकापेक्षा चेष्टा जास्त असायची, कारण प्रोफेसरचे हात कायम गवंड्यासारखे चुन्याने फाटलेले असायचे.

ते हात त्याला माझ्या नवऱ्यामुळे मिळाले. सान्ते गवंडी. गिलाव्यात त्याचा हात धरणारा आमच्या दरीत कुणी नव्हता. दोघं एका वर्गातले. मी सान्तेला पहिल्यांदा नीट पाहिलं ते आमच्या गोठ्यात, एर्मेतेला चुना कसा विरवायचा ते शिकवताना. एर्मेतेला गुळगुळीत चित्रं आवडायची नाहीत. चित्रावरून हात फिरवला तर हाताला काहीतरी लागलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. म्हणून आधी फळीवर गिलावा, त्यात नदीची वाळू, संगमरवराची भुकटी, मेण, कधी गोणपाटाचा तुकडा, आणि मग रंग. आणि काढायचा काय, तर शिडी, बंद दार, पाव, पक्षी.

सान्ते विचारायचा, "ही शिडी कुठे जाते?"

"वर."

"वर काय आहे?"

"ते माहीत असतं तर शिडी कशाला काढली असती?"

"मग निदान पायऱ्या तरी सारख्या काढ, प्रोफेसर. माझा माणूस असल्या शिडीवरून पडेल."

असं त्यांचं तीस वर्षं चाललं. दर हिवाळ्यात, बांधकामं बंद असली की सान्ते त्याच्याकडे जाऊन चुना मळून द्यायचा. चित्रातलं त्याला काही कळत नव्हतं आणि तो ते लपवतही नव्हता. पण गिलाव्याला तडा गेला की एर्मेते आधी त्यालाच बोलावायचा.

लग्नानंतर अकरा वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. नोएमी. तिच्या मामाने तिला चालायच्या आधी रंगात बसवलं होतं. ती सहा वर्षांची झाली तेव्हा सान्तेने वरची खोली तिच्यासाठी नव्याने गिलावा करून दिली. तिला आभाळाचा रंग हवा होता. सान्तेने द्राक्षवेलींवर फवारायला आणलेलं मोरचूद उरलं होतं, ते चुन्यात कालवलं आणि तीन हात दिले. असा निळा रंग दुकानात मिळत नाही. दमट दिवसात तो थोडा हिरवा व्हायचा, उन्हाळ्यात फिका. नोएमी खिडकीतून नाही, भिंतीकडे बघून सांगायची, आज पाऊस येणार.

पुढे ती जनावरांची डॉक्टर व्हायला शिकत होती. आठवडाभर बाहेर, शनिवारी घरी. विसावं वर्ष लागलं होतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये पहिला धक्का बसला. आमच्या गावात कुणाला काही झालं नाही. चर्चची घंटा आपोआप वाजली, काही कौलं पडली, आणि नोएमीच्या खोलीत पलंगाच्या मागच्या भिंतीला खालून वर एक भेग गेली. पाहणीला आलेल्या इंजिनियरने घर राहण्याजोगं आहे म्हणून लिहून दिलं. सान्तेने स्वतः भेगेत बोट घालून पाहिलं, गिलाव्याच्या करणीच्या मुठीने ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाला, "गिलाव्याची आहे. भिंतीची नाही." सप्टेंबरमध्ये त्याने ती चुन्याने भरली आणि वरून निळा हात दिला. भेग होती कुठे हे मलाही सांगता आलं नसतं.

ऑक्टोबरच्या शेवटी जमीन पुन्हा हलायला लागली. त्या आठवड्यात आम्ही खेळाच्या मैदानावर गाडीत झोपत होतो. सगळं गावच तिथे होतं. रविवारी सकाळी नोएमी म्हणाली, मंगळवारी माझी परीक्षा आहे, वह्या वर राहिल्यात, पाच मिनिटांत घेऊन येते. मी नको म्हणाले. ती बापाकडे वळली.

"बाबा, जाऊ ना?"

सान्ते तिच्याबरोबर घरापर्यंत गेला. मी मागून बघत होते. त्याने बाहेरून भिंतीला तळवा लावला, घोड्याच्या पोटाला लावतात तसा, आणि म्हणाला, "जा. ही माझ्यामागेही उभी राहील."

ती जिना चढली. सान्ते रस्त्यापलीकडे शेजाऱ्याची ट्रॉली हलवायला गेला म्हणून वाचला. पुढचं मी सांगत नाही. आमच्याकडे ज्यांनी ते पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सांगून काय होणार.

आमची सगळ्यांची सोय सरकारने समुद्रकाठच्या हॉटेलांत केली. उन्हाळी पाहुण्यांच्या खोल्या, डिसेंबरमध्ये, खिडकीतून राखाडी पाणी. डोंगरातली म्हातारी माणसं लिफ्टपाशी उभी राहायची, जणू बसची वाट बघतायत. सान्ते बोलत नव्हता. नोएमीचं नाव तर त्याने अंत्यविधीनंतर तोंडातून काढलं नाही. कुणी काढलं तर तो उठून जायचा.

एर्मेतेचं घर गावाबाहेर होतं, ते वाचलं होतं. अग्निशमन दलाच्या लोकांबरोबर डोक्यावर शिरस्त्राण घालून तो आमच्या घरात तीनदा जाऊन आला. कागदपत्रं आणली, आईचा फोटो आणला, नोएमीचं लोकरी जाकीट आणलं. नाताळच्या आधी तो हॉटेलात आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "योले, सुट्टी संपली की यंत्रं येणार आहेत. सगळं उचलून खाली दरीत राडारोड्याच्या मैदानात टाकणार. तिची भिंत पण."

मी खोलीचं दार ओढून घेतलं.

"काही तुकडे बरे निघालेत. मोठे आहेत. मी घेऊन ठेवू?"

"काय करणार?"

"माहीत नाही. पण ट्रकमध्ये जाऊ देववत नाही."

मी म्हटलं, "घे."

"सान्तेला?"

"नको सांगू."

एवढंच आमचं बोलणं झालं. मला वाटलं, पेटीत घालून ठेवील. खरं सांगायचं तर तेव्हा मी फार विचारच केला नाही. तो निळा रंग कचऱ्यात जाऊ नये, इतकंच मनात होतं.

दीड वर्षाने आम्हाला गावाखालच्या सपाटीवर लाकडी घरं मिळाली. एकाला एक चिकटलेली, खोक्यांसारखी. माझी गावापासूनची शेजारीण देल्फीना म्हणायची, "इथे मी शिंकले तर पलीकडे तिसऱ्या घरातून 'देव भलं करो' ऐकू येतं." सान्तेने करणी पुन्हा हातात घेतली नाही. चाळीस माणसांनी त्याला कामं देऊ केली. सगळी दरी नव्याने बांधायची होती आणि त्याच्यासारखा गवंडी नव्हता. तो नुसतं मान हलवायचा. शेवटी लोकांनी विचारणं सोडलं. तो टोमॅटो लावायचा, लाकडं फोडायचा, संध्याकाळी बाकावर बसायचा.

एर्मेते आधी दर आठवड्याला यायचा. मग महिन्याने. मग म्हणाला, काम चाललंय. काय चाललंय ते मी विचारलं नाही.

चौथ्या वर्षी फेब्रुवारीत निमंत्रणाची पत्रिका आली. अंकोनाच्या बंदराजवळ एक जुनं चर्च आहे, तिथे आता पूजा होत नाही, प्रदर्शनं भरतात. पत्रिकेवर एर्मेतेचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली एका बंद दाराचं चित्र. सान्तेने ती बराच वेळ हातात धरली.

"प्रोफेसर मोठा माणूस झाला," तो म्हणाला.

मी म्हटलं, "गेलं पाहिजे."

"तू जा."

"तुझ्याशिवाय त्याच्या फळीला कधी गिलावा बसला नाही. आणि आज तू नसशील?"

हे मी का म्हटलं? त्या चित्रांत काय असेल याची मला भीती होती, आणि तरी मीच आग्रह केला. कदाचित तीन वर्षांत त्याला कशाचं तरी कौतुक वाटलेलं बघायची मला भूक होती. तो तयार झाला. सदरा मी इस्त्री केला. कोट दान आलेल्या कपड्यांतला, अंत्यविधीला घातलेला, बाह्या चार बोटं तोकड्या. दुसरा कोट नव्हता.

प्रदर्शनात गर्दी होती. दारापाशी टेबलावर वाईन आणि मांस भरून तळलेली ऑलिव्हं. एर्मेतेने आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्याने सान्तेला मिठी मारली, मला मारली, आणि म्हणाला, "तुम्ही याल असं वाटलं नव्हतं."

"मग पत्रिका कशाला पाठवलीस?" सान्तेने विचारलं. बऱ्याच दिवसांनी त्याच्या आवाजात चेष्टा होती.

पहिली चित्रं आमच्या ओळखीची होती. तीच शिडी, तेच पाव. पण जाड, खडबडीत, दोन-दोन बोटं वर आलेली, जणू चित्र भिंतीतून बाहेर येऊ बघतंय. सान्ते एकेकासमोर थांबायचा, डोकं वाकडं करून कडेने बघायचा, जसा तो भिंतीची ओळ बघतो. "हा चुना निदान वर्षभर मुरलेला आहे," मला म्हणाला. "शिकला माझ्याकडून काहीतरी." एक ऑलिव्ह खाल्लं. मला वाटलं, आजचा दिवस पार पडेल.

मग आम्ही आत गेलो, जिथे पूर्वी वेदी होती. तिथे एकच चित्र होतं. माणसाच्या दीडपट उंच, निळं. पाच-सहा मोठे आणि पुष्कळ लहान तुकडे जुळवून बसवलेले, मधल्या फटींत गिलावा. काही तुकड्यांना मागचा दगडही तसाच होता आणि तो फोडासारखा वर आला होता. खालून वर एक वाकडी रेघ गेलेली, तिच्यात सोन्याचा वर्ख. बाजूला कार्डावर लिहिलेलं: वरची खोली. चुना, दगड, सोनं.

बेल्लागाम्बा नावाच्या बाई, ज्यांनी हे सगळं भरवलं होतं, पाच-सात लोकांना समजावत होत्या. "ही भेग म्हणजे जखम नाही, ही वाट आहे. उजेड इथूनच वर चढतो. भूकंपात एर्मेतेची भाची गेली, पण इथे मृत्यू नाही बघा, इथे चढण आहे."

सान्ते लोकांमधून पुढे गेला आणि त्याने भिंतीला तळवा लावला.

खुर्चीवर बसलेली राखणदार मुलगी उठली. "महाशय, हात लावू नका."

"याला मी सोळा वर्षांपूर्वी हात लावलाय, बाळ," सान्ते म्हणाला.

त्याचा आवाज अगदी साधा होता. लोक बाजूला झाले. एर्मेते धावत आला आणि दोन पावलांवर थांबला.

"कुठून आणलंस?" सान्तेने मागे न बघता विचारलं.

"यंत्रं यायच्या आधी. चौथ्यांदा गेलो होतो तेव्हा."

"मला विचारायचं."

"तू नाही म्हणाला असतास."

"हो. नाही म्हणालो असतो."

एर्मेते हात चोळत होता. "सान्ते, मी दोन वर्षं हे चित्र करत होतो. रोज. तिच्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं. मला वाटलं, तुला दाखवीन तेव्हा..."

सान्ते ऐकत नव्हता. तो आणखी जवळ गेला होता. नाक टेकेल इतका. सोनेरी रेघेच्या कडेने त्याचं बोट वर वर चाललं होतं, आणि एका ठिकाणी, जिथे दगड वर आला होता, तिथे ते थांबलं. त्याने नखाने वर्ख खरवडला. खाली पांढरं होतं. राखणदार मुलगी बेल्लागाम्बाबाईंकडे बघत होती. बाईंनी हाताने तिला थांबवलं.

"योले, इकडे ये," सान्ते म्हणाला.

मी गेले.

"हे पांढरं दिसतंय? हा माझा चुना. सप्टेंबरमध्ये भरला तो."

"हो."

"आता दगड बघ. दोन तुकडे झालेत. मधे काय आहे?"

मी पाहिलं. दगडाच्या फुटलेल्या पोटात, खोल, तोच पांढरा चुना वाळून बसलेला होता. माझ्या तरीही लक्षात आलं नाही. त्याने हळू, शिकाऊ माणसाला सांगावं तसं सांगितलं.

"दगड ऑक्टोबरमध्ये फुटला असता तर त्याच्या आत चुना कसा गेला असता? मी भरला तेव्हा तो आधीच फुटलेला होता. भेग भिंतीची होती. मी ती झाकली. वरून रंग दिला. आणि पोरीला म्हटलं, जा."

"इंजिनियरने पण बघितलं होतं," मी म्हणाले. "त्याने लिहून दिलं होतं."

"तो खालून बघून गेला. मी बोट घालून बघितलं होतं."

बेल्लागाम्बाबाई मघाशी इतकं बोलत होत्या, त्या आता हातातला पेला कुठे ठेवावा ते शोधत होत्या.

एर्मेते रडायला लागला. माझा भाऊ रडताना कुरूप दिसतो, लहानपणापासून. "मला हे कळलं नाही," तो म्हणाला. "आईची शपथ, सान्ते, मला नुसती पांढरी रेघ दिसली. मला ती सुंदर वाटली. मी उद्या हे काढतो. फोडून टाकतो. तुझ्यासमोर फोडतो."

सान्ते त्याच्याकडे वळला. मला वाटलं, मारणार. त्याने कोटाच्या बाह्या खाली ओढल्या.

"फोडू नकोस," तो म्हणाला. "एकदा पडली तेवढं पुरे."

आणि तो बाहेर निघून गेला. एर्मेतेने माझा हात धरला. "तू त्याला सांगितलं नव्हतंस?" त्याने विचारलं. मी हात सोडवला आणि नवऱ्यामागे गेले.

गाडी मी चालवली. तासाभराने डोंगर दिसायला लागले तेव्हा तो म्हणाला, "इतरांना विचारण्यापेक्षा तुला विचारतो. तुला माहीत होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. एर्मेतेने मला सांभाळून घेतलं असतं.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या नाताळच्या आधीपासून. त्याने मला विचारलं होतं. मी घे म्हटलं."

त्याने खिडकीची काच खाली केली.

"तीन वर्षं," तो म्हणाला. "तीन वर्षं मी रोज तुझ्यासमोर बसून जेवलो."

त्याचं भिंतीबद्दल स्वतःला जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं. आता माझ्याबद्दल म्हणाला, आणि ते चूक नव्हतं. मी सांगायचा प्रयत्न केला की तुझं तोंड बघून धीर होत नव्हता, तू कुणाचं नावच घेऊ देत नव्हतास. तो म्हणाला, "गाडी नीट चालव."

त्या दिवसापासून तो स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपायला लागला. बाक लहान होता, त्याचे पाय बाहेर यायचे. मी म्हटलं, मी झोपते तिथे, तू पलंगावर जा. त्याने उशी आणून बाकावर टाकली. दर रविवारी सकाळी तो दाढी करून बस पकडायचा. मला वाटायचं, दफनभूमीत जात असेल, किंवा कुठेतरी नुसता हिंडत असेल. विचारण्याचा हक्क मी गमावला होता.

चौथ्या आठवड्यात बेल्लागाम्बाबाईंचा फोन आला. आवाज अगदी वेगळा, दबलेला. म्हणाल्या, "तुमचे यजमान दर रविवारी येतात. दार उघडल्यापासून दुपारपर्यंत त्या चित्रासमोर उभे असतात. आम्ही त्यांना स्टूल दिलंय. तुम्हाला माहीत असावं म्हणून फोन केला. आणि..." त्या थांबल्या. "मी त्या दिवशी जे बोलत होते, ते आता बोलत नाही."

मी आभार मानले. सान्तेला सांगितलं नाही. म्हणजे मी पुन्हा एक गोष्ट त्याच्यापासून लपवली, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. संध्याकाळी तो आला तेव्हा मी दारातच सांगून टाकलं, "बाईंचा फोन आला होता. तू कुठे जातोस ते मला कळलंय." त्याने टोपी काढली, खुंटीला लावली. "बरं," म्हणाला. पण त्या संध्याकाळी त्याने सूपमध्ये मीठ कमी आहे असं म्हटलं. महिन्याभरात माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

प्रदर्शनाच्या शेवटच्या रविवारी तो दाढी करून उभा राहिला आणि म्हणाला, "चल."

हॉलमध्ये आम्ही आणि राखणदार मुलगी, एवढेच होतो. बाकीची चित्रं उतरवून गुंडाळायला सुरुवात झाली होती. सान्तेने मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः चित्राच्या बाजूला उभा राहिला. एर्मेतेने तुकडे रंगाच्या छटेने जुळवले होते, जागेप्रमाणे नाही. सान्तेला प्रत्येक तुकड्याची जागा माहीत होती. सात रविवार त्याने तेच केलं होतं.

"हा वरचा तुकडा चुकीचा लावलाय," तो म्हणाला. "हा खाली होता, खिडकीजवळ. बघ, इथे फिका आहे. दुपारचं ऊन इथे पडायचं. आणि हा इथला, हा दाराशेजारचा. बटणाच्या भोवती हात लागून तेलकट झालाय. तिला किती वेळा सांगितलं, हात धुऊन बटण दाब." मग बोट पुढच्या तुकड्यावर ठेवलं. "हा पलंगाच्या उशापाशी होता. इथे चार बारीक भोकं आहेत. टाचण्यांची."

"तिथे कुत्र्याचा फोटो होता," मी म्हणाले. "देल्फीनाच्या कुत्र्याचा."

"हो. तोच. तो मेला तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती."

"तीन दिवस."

"नोएमी म्हणाली होती, मी डॉक्टर असते तर वाचवला असता."

साडेतीन वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडून ऐकलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. मग तो पुढे सांगत राहिला, कपाट कुठे होतं, कपाटामागे त्याने रंग दिलाच नव्हता आणि तिने ते शोधून काढून वर्षभर चिडवलं होतं. मी कुठे काय होतं ते दुरुस्त करत होते. अशा प्रकारे आम्ही तासभर त्या खोलीत होतो. भेगेबद्दल तो काही बोलला नाही. बोट तिच्याजवळ आलं की वळसा घालून पलीकडे जायचं.

दुपारी हमाल आले, चार जण, पट्टे आणि लाकडी खोका घेऊन. त्यांच्याबरोबर एर्मेतेही होता. सात आठवड्यांत तो खंगला होता. चित्र उत्तरेकडच्या एका संग्रहालयाने घेतलं होतं. हे त्याने मला फोनवर सांगितलं होतं, आणि विचारलंही होतं, देऊ का. मी म्हटलं होतं, मला विचारू नकोस. पुन्हा तसं नको.

हमालांनी चित्र वरच्या कडेला धरून पुढे कलवायला सुरुवात केली. सान्ते म्हणाला, "असं नाही. खालून धरा. चुना वाकत नाही, त्याला वाकवलंत तर सुटून येईल. उभंच न्या, काचेसारखं." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या मुकादमाकडे, आणि मग त्याचं ऐकलं.

एका कोपऱ्याला माणूस कमी पडत होता. एर्मेते पुढे झाला आणि त्याने तो कोपरा उचलला. समोरचा कोपरा सान्तेच्या हाताशी होता. एर्मेते त्याच्याकडे बघत राहिला. मीही बघत होते. तीस वर्षं त्या दोघांनी अशाच फळ्या दोन बाजूंनी उचलल्या होत्या.

सान्तेने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि मागे सरकला. मुकादमाने तो कोपरा धरला. चित्र दारातून बाहेर गेलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. पिएत्राफोस्कात आमच्या जागेवर नवं घर बांधून मिळेल असं पत्र आलं होतं. सान्तेने सही केली नाही. आम्ही लाकडी घरातच आहोत आणि बहुतेक इथेच राहू. तो पलंगावर झोपतो. माझ्याशी बोलतो, औषधांबद्दल, टोमॅटोंबद्दल, आणि कधीकधी, अगदी काही कारण नसताना, नोएमीबद्दल. तेव्हा मी हातातलं काम थांबवून ऐकते. करणी त्याने घेतली नाही. मला त्याने क्षमा केली का, हे मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

एर्मेते आता चित्रं काढत नाही, असं लोक सांगतात. तो दर गुरुवारी संध्याकाळी मला फोन करतो. घंटी वाजली की सान्ते उठतो, टोपी घालतो आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहतो, थंडी असली तरी, बर्फ असला तरी. मी फार वेळ बोलत नाही. बोलणं संपलं की दार उघडते, आणि तो आत येतो.